खोट न काढणारं गिऱ्हाईक

त्या बाईनं माझ्या हातातला चेरीचा डबा काढून घेतला, होता तिथं परत ठेवला आणि माझ्याकडं पाठ करून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागली. तोंडातून एक शब्द नाही. शिवी दिली असती तरी चाललं असतं. बारामतीच्या मंडईत उभं आयुष्य गेलं माझं. लोकांच्या शिव्या खाल्ल्यात आणि व्याजासकट परतही केल्यात. पण हातातला माल काढून घेऊन पाठ दाखवणं, हा अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता. तो करून घ्यायला मी कुठवर आलो, तर पार नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या एका बंदरात, ज्याचं नाव मला अजून धड म्हणता येत नाही.

माझं चुकलं तरी काय होतं? मी एक चेरी तोंडात टाकली, डबा उजेडाकडं धरला आणि म्हणालो, "डेठ सुकलेत. परवाचा माल हाय. वर मोठी लावलीत आन् खाली बारीक." मराठीतच म्हणालो, कारण मालाची खोट मला दुसऱ्या भाषेत काढता येत नाही. शेजारी माझी मुलगी शमा उभी होती. तिला म्हणालो, "सांग तिला."

"मी न्हाय सांगणार," शमा म्हणाली. "अब्बा, हितं असलं चालत न्हाय. पाटीवर भाव लिवलाय. घ्यायचं तर घ्यायचं."

"पाटीवर लिवलाय तो तिचा भाव. माझा कुठं लिवलाय?"

शमा पुढं झाली. त्या बाईची माफी मागितली, पाटीवरचे पैसे दिले आणि तोच डबा घेतला. बापाच्या वतीनं माफी! मी त्या चेरीला परत हात लावला नाही.

आता शांतपणे विचार केला तर त्या बाईवर माझा राग नव्हताच. ती बिचारी निमित्त झाली. मी सकाळपासूनच पेटलेला होतो.

शमा लग्नानंतर तिकडं परदेशात राहते, नोकरी करते. दरवर्षी म्हणायची, अब्बा, या. यंदा बोलली नाही, सरळ तिकीट पाठवलं. उत्तरेकडच्या समुद्रातून बंदरं दाखवत नेणारी मोठी बोट, तिच्यावर आम्ही दोघं. जावयाला रजा नव्हती आणि शमाची आई कालव्याच्या पाण्यालाही भिते, ती कशाला येते! बोटीवर लिफ्ट, पायाखाली गालिचा, नाश्त्याला पावाचे नाना प्रकार आणि भाकरीचा तुकडा नाही. मुलगी रोज विचारायची, "अब्बा, बरं वाटतंय ना? अब्बा, गार लागतंय का?" मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. ज्याला सौदा करायचा असतो तो आधी चहा पाजतो. माझ्या मुलीनं मला अख्खी बोट पाजली.

तर त्या सकाळी, बोट बंदराला लागत असताना, अंड्याच्या ताटलीवरून तिनं विषय काढला. "सलीमचा फोन आलता." सलीम म्हणजे माझा मुलगा. बारामतीत त्याचं मोबाईलचं दुकान आहे. "कालव्याकडच्या बागेला गिऱ्हाईक आलंय, अब्बा."

वालचंदनगरच्या अलीकडं, कालव्याला लागून माझी पेरूची बाग आहे. आयुष्यात मी गाळा घेतला, घर बांधलं, पोरांना शिकवलं. पण 'माझं' असं मी त्या एकाच गोष्टीला म्हणतो. ती विकायला काढली आहे हे मला तिथं, त्या परक्या पाण्यावर, अंडं खाताना कळलं.

"सलीमनं सांगितला तो भाव त्या माणसानं कबूल केला," शमा म्हणाली. "एका शब्दानं खाली मागितलं न्हाय. फकस्त आज सांजच्यापर्यंत व्हय का न्हाय सांगायचं. न्हायतर तो दुसरी जागा घेतोय. आन् सांजच्याला आपली बोट सुटली की फोन लागत न्हाय."

"बागेत फिरला का तो?"

"रस्त्यावरनं बघितली म्हणं. गाडीतनं."

"खोट काय काढली?"

"कसली खोट? काईच न्हाय. म्हणून तर सलीम म्हणतोय, असं गिऱ्हाईक परत मिळायचं न्हाय."

मी चमचा खाली ठेवला. माझ्या बागेची एकही खोट काढली नाही! तो माणूस माझ्या तोंडावर थुंकला असता तरी मला एवढं लागलं नसतं. शमाला त्यातलं काही कळलं नाही. ती म्हणाली, "चला, खाली उतरू. मोकळ्या हवेत विचार करा." मग उतरलो, आणि त्या चेरीवालीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो.

बंदर तसं गोजिरवाणं होतं, मला नावं ठेवता येत नाहीत. ठेवायचं मनात होतं, तरी. लाकडाची घरं, लाल आणि पिवळी. डांबराचा, डिझेलचा आणि मासळीचा मिळून एक वास. पांढरी पाखरं डोक्यावरून कलकलाट करत फिरत होती. बोटीतली माणसं दिसेल त्याचे फोटो काढत होती. घरांच्या मागं डोंगर सरळ वर चढलेला, आणि त्याच्या उतारावर बाग. मी त्या बाजूला चालायला लागलो. शमा डबा घेऊन मागून आली. 

बाग चेरीची होती. कुंपणापाशी पोचलो आणि वाऱ्याची झुळूक आली, तसा आत कुठंतरी पत्रा वाजला. खण्ण, खण्ण. थांबून पुन्हा खण्ण. झाडाला दोरीनं टांगलेला पत्र्याचा डबा. पाखरं हाकलायला.

मी तिथंच थांबलो. कुंपणाला हात टेकले. हा आवाज मी किती वर्षांत ऐकला नव्हता! आणि ऐकला तो इथं, जिथं मला कुणी ओळखत नाही आणि जिथला माल मला बोटानं दाबूनही बघू देत नाहीत.

आम्ही बागवान. आमचे वडील झाडावरचा माल उक्ता घ्यायचे. फळ हिरवं असतानाच अख्ख्या बागेचा सौदा व्हायचा आणि तिथून पुढं पिकेपर्यंत राखण आमची. दिवाळी मागं पडली, पेरू लिंबाएवढा झाला, की आमचं घर बैलगाडीत चढायचं. भांडी, गोधड्या, कोंबड्या, आई, आम्ही भावंडं. बारामतीच्या घराला कुलूप, आणि संक्रांतीपर्यंत आमचा मुक्काम तात्यांच्या बागेत. तात्या म्हणजे बागेचे मालक. कालव्याकडची बाग तेव्हा त्यांची होती.

उसाच्या पाचटाची खोप. नव्या पाचटाचा वास पहिले काही दिवस गोड असतो, मग दव खाऊन खाऊन तो कोंदट होतो, आणि त्यात जेव्हा पिकल्या पेरूचा वास मिसळतो तेव्हा जे तयार होतं, त्याला नाव नाही. मी पुढं अत्तरं घेतली, भारी घेतली. तो वास कुणी बाटलीत भरला नाही. सकाळी कालव्यावर धुकं बसलेलं असायचं. त्या धुक्यातून भवानीनगरला ऊस घेऊन निघालेल्या गाड्या दिसायच्या नाहीत, नुसत्या बैलांच्या घुंगरांची रांग ऐकू यायची. वारा सरळ असला की वालचंदनगरच्या कारखान्याचा भोंगा यायचा. आई तो ऐकून चुलीवर तवा टाकायची. बाजरीची भाकरी, आणि गूळ घालून केलेली पेरूची भाजी. पेरूच्या बिया दातात अडकायच्या आणि दिवसभर जीभ तिथंच खेळत राहायची.

बागेत सगळीकडं दोऱ्या बांधलेल्या. प्रत्येक दोरीच्या शेवटी डबडं. राघूंचा थवा उतरला की खोपीतून दोरी ओढायची, लांब कुठंतरी डबडं बडबडायचं, आणि हिरवा थवा झाडातून असा उठायचा की वाटायचं झाडाचीच पानं उडाली. माझी बहीण दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून झोपायची. झोपेत कूस बदलली तरी राघू उडायचे.

बांधावर चिंच होती. तिच्या बुंध्याच्या एका अंगाला तात्यांचा शेंदूर लावलेला म्हसोबा, दुसऱ्या अंगाला आमच्या वडिलांची नमाजाची चटई. तात्या नारळ फोडून खोबरं आमच्या खोपीत आणून द्यायचे आणि चटई गुंडाळलेली नसली तर वाकून गुंडाळून फांदीत ठेवायचे. त्यावर कधी कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

आता पेरूला फोमची जाळी घालतात, वर पिशवी बांधतात. राघूला फळ दिसत नाही. माणसालाही दिसत नाही. खोप नाही, दोरी नाही. व्यापारी मोबाईलवर फोटो मागवतो आणि पलंगावर पडून भाव सांगतो. आणि म्हणे धंदा सुधारला!

धंदा कसा होता ते मी सांगतो. सौद्याच्या दिवशी वडील आणि तात्या बांधावर पायताणं काढायचे आणि अनवाणी बागेत शिरायचे. पहिल्या झाडापासून वडील तोंड सोडायचे.

"तात्या, ह्या झाडाला पेरू लागलेत का लिंबं?"

"लिंबं वाटत्यात व्हय, बागवान? मग बारामतीला गेलास की लोणचं घाल. आन् येताना चष्मा घेऊन ये."

"ही झाडांची वळ तहानलेली दिसती. पाणी न्हाय घातलं?"

"पाणी तिला हाय. तुझ्या नजरंत न्हाय."

"ह्या फांदीला कीड हाय."

"तुझ्या जिभंला लागलेली ती. फांदी झाक हाय."

असं शेवटच्या झाडापर्यंत. कुणी परका ऐकता तर म्हणाला असता, आता हे एकमेकांच्या उरावर बसणार. पण ते तसं नव्हतं. ज्या झाडाची खोट काढली, ते झाड गिऱ्हाइकानं बघितलं, असा तो हिशेब होता. तात्यांची झाडं त्यांच्या भावांनी कधी एवढी निरखली नव्हती. वर्षातून एकदा आमचे वडील यायचे, एकेका झाडापाशी थांबायचे, आणि तात्या ताठ उभे राहून आपल्या प्रत्येक झाडाची बाजू मांडायचे. एखाद्यानं खोट न काढताच माल घेतला तर मालकाचा जीव लागायचा नाही. आपण स्वस्तात दिलं, किंवा ह्यानं आपल्याला हिशेबातच धरलं नाही, ह्यातलं एक काहीतरी त्याला कुरतडत राहायचं. असं भांडून भाव ठरला की तात्या वडिलांच्या तोंडात गुळाचा खडा घालायचे, वडील तात्यांच्या. झाला सौदा.

एका साली पावसाळ्यात तात्यांचा थोरला मुलगा गेला. कशानं गेला ते इथं सांगत बसत नाही. आमचे वडील मातीला जाऊन आले होते. पुढं सौद्याचा दिवस आला तेव्हा ते गेले, बांधावर पायताणं काढली, आणि अख्खी बाग मुकाट्यानं फिरले. शेवटच्या झाडापाशी तात्यांनी भाव सांगितला. वडील म्हणाले, "दिला."

तात्या दोन पावलं जवळ आले.

"खोट का काढली न्हाईस?"

"ह्या साली नको, तात्या."

"का नको? पोरगा गेला माझा. बाग न्हाय गेली. माझी कीव करतूस व्हय, बागवान? तुझी कीव मला नको. असल्या भावानं मी बाग देत न्हाय. जा."

आणि खरंच घालवून दिलं. वडील बारामतीला परतले आणि जेवले नाहीत. आई म्हणाली, "तुमी भलं करायला गेला आन् त्यांना लागलं." वडील म्हणाले, "व्हय. माझं चुकलं. मी माणसाकडं बघितलं, झाडाकडं बघितलंच न्हाय."

दुसऱ्या दिवशी ते परत गेले. मी सोबत होतो. पायताणं काढली आणि पहिल्या झाडापासून सुरू केलं. आवाज फाटत होता, पण थांबले नाहीत. पेरू बारीक, पान पिवळं, बुंधा पोकळ. तात्याही थांबले नाहीत, एकेका खोटीला उत्तर देत चालले. बागेच्या मध्यावर त्या थोरल्यानं लहानपणी लावलेलं एक झाड होतं, सगळ्यांत उंच. तिथं वडील थबकले.

"ह्याची बी काढ," तात्या म्हणाले.

वडिलांनी झाडाला खालून वर आणि वरून खाली बघितलं. मग म्हणाले, "ह्याची सावली लई पडती शेजारच्या झाडावर."

"पडू दे," तात्या म्हणाले. "पडाय पायजे."

त्या दिवशी गूळ दोघांच्या हातात तसाच विरघळला, तोंडापर्यंत जायला वेळ लागला.

पुढं वडील गेले. मी एसटी स्टँडवर पाटीत पेरू विकले, मंडईत दुसऱ्याच्या गाळ्यावर हमाली केली, मग स्वतःचा गाळा घेतला. बावड्यापर्यंतच्या बागा फिरलो. तात्या थकले आणि त्यांच्या धाकट्यांना बाग नकोशी झाली, तेव्हा ती मी घ्यायला गेलो. गुडघ्यावर हात ठेवून म्हातारा माझ्याबरोबर अनवाणी चालला. मी एक झाड सोडलं नाही. दिवस मावळेपर्यंत खोट काढली. शेवटी तात्या बांधावर बसले, हसले, आणि म्हणाले, "बापाची जीभ हाय तुला. घे. आता मला घोर न्हाय."

ही ती बाग. आणि तिला एका माणसानं गाडीच्या काचेतून बघितलं आणि मागितला तेवढा भाव कबूल केला.

पत्रा पुन्हा वाजला. मी शमाकडं वळलो. मंडईत बसून एक गोष्ट मी पक्की शिकलो आहे: जो खोट काढत नाही, त्याला माल नको असतो.

"शमे," मी म्हणालो, "त्या माणसाला पेरू नको हाईत."

ती डब्यातल्या चेरी उगाच हलवत राहिली.

"मग काय पायजे त्याला?"

"गोडाऊन बांधायचंय," ती म्हणाली. "रस्त्याला लागून हाय ना जागा."

"आन् झाडं?"

तिनं डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"तुला ठावं हुतं."

"व्हय."

मी तिला काही बोललो नाही. बोललो असतो तर त्या डोंगरावरची पाखरं उठली असती. तसाच वळलो आणि उताराला लागलो. पाय भराभरा पडत होते, गुडघा कळवळत होता. कुणी एक गोरा म्हातारा फोटो काढायला वाटेत उभा होता, त्याला मी "सरक" म्हणालो आणि तो सरकला. तेवढं एक मराठी त्या गावाला कळलं. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. पोटच्या पोरांनी सौदा केला, आणि तोही माझ्याशी नाही! माझ्याशी घासाघीस केली असती, भांडले असते, मला हरवलं असतं, तर मी मुलांची पाठ थोपटली असती. ह्यांनी आपसात ठरवलं आणि मला बोटीत बसवून नुसतं 'हो' म्हणायला सांगितलं. मी काय शिक्का आहे?

धक्क्यावर जाड दोरखंडांच्या वेटोळ्यांजवळ एक बाक होता. तिथं बसलो. समोर आमची बोट, पांढरी, मजल्यावर मजले. माणसं हळूहळू परत चढायला लागली होती. बऱ्याच वेळानं शमा येऊन शेजारी बसली.

"चिडून झालं?"

"न्हाय."

"मग चिडा अजून. बोट सुटायला वेळ हाय."

"त्याची दलाली करायला आलीस ना तू? मग नीट कर. काढ खोट माझ्या बागेची. त्या गाडीतल्यानं न्हाय काढली, तू काढ."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"बागवानाची पोरगी हायस. काढ."

ती वैतागली. डबा बाकावर आपटला. मला वाटलं उठून जाईल. पण बसली, आणि म्हणाली, "विहीर. उन्हाळ्यात पाणी मचूळ लागतं."

"मचूळ पाण्याचा पेरू गोड असतो."

"कालव्याकडची वळ म्हातारी झालीय. निम्मी झाडं वठलीत."

"छाटली की फुटत्यात."

"कोण छाटणार? तुमी? आत्ता उतारावरनं आला तर गुडघा धरून बसलाय."

"गुडघा माझा हाय, बागेचा न्हाय. बागेची काढ."

"सलीमला पेरूच्या झाडाला फूल कधी लागतं ते म्हाईत न्हाय."

"ती सलीमची खोट. बागेची काढ म्हणतो ना!"

आमचा आवाज चढला होता. येणारीजाणारी माणसं बघायला लागली होती. आणि शमाला, जिला सकाळी त्या चेरीवालीपुढं माझी लाज वाटली होती, तिला आता कुणाचंच भान नव्हतं. ती पूर्ण माझ्याकडं वळून बसली होती, मान वर, डोळे बारीक. हे तोंड मी ओळखत होतो. आमच्या घरात ते पिढीजात आहे.

"मग ऐका बागेची," ती म्हणाली. "राखणीला माणूस न्हाय. मागच्या साली मी आले तवा बघितलं. निम्मा पेरू खाली सडलावता. पाखरं खात हुती आन् हाकलायला कुणी नव्हतं. तुमी बारामतीतनं जाता, बांधावर हुबं ऱ्हाता, बघता आन् येता. रिकामी हाय ती बाग, अब्बा. तुमी नुसती उरावर घेऊन बसलाय."

मी तोंड उघडलं. उत्तर आलं नाही.

आमच्या धंद्याचा नियम आहे. खोट काढली की मालकानं उत्तर द्यायचं. उत्तर नसेल तर भाव उतरवायचा. मी आयुष्यभर लोकांना असं गप्प केलं आणि त्यांचे भाव उतरवले. आता मी एका परक्या धक्क्यावर गप्प झालो होतो आणि समोर माझी मुलगी होती. मला राग आला. रागाच्या पोटात दुसरंही काहीतरी होतं, पण ते मी तिला दिसू दिलं नाही. माल आवडला हे चेहऱ्यावर दाखवायचं नसतं.

"उतरतो," मी म्हणालो. "विकायचीच न्हाय म्हणत हुतो. आता म्हणतो, दोन बहार थांबा."

"दोन? तो माणूस दोन दिवस थांबत न्हाय."

"त्याला जाऊ दे. दुसरं गिऱ्हाईक बघू. पायताण काढून आत शिरणारं."

"तसलं मिळालंच न्हाय तर?"

"तर मग गोडाऊनवाला. त्यांचा काय जगात तोटा हाय?"

शमानं पाण्याकडं बघितलं. मग म्हणाली, "एक बहार. आता मृगाची फुलं लागलीत ना, तेवढाच. संक्रांतीला माल संपला की गिऱ्हाईक मिळंल त्याला द्यायची. परत रडायचं न्हाय."

"एक बहार. पण राखणीला तू."

"मी?" ती हसली. "येते की. तोडणीला येते चार दिवस रजा काढून."

"तोडणीला कुणीबी येतं. फोटो काढायला बी येतं. राखणीला ये. खोप मी बांधून देतो."

तिचं हसू गेलं. बोटीनं भोंगा दिला, धक्क्यावरच्या लाकडांतून तो पायांना जाणवला. आमच्यासारखे उरलेसुरले लोक लगबगीनं निघाले. शमा उठली नाही.

"राखणीला किती दिवस लागत्यात?" तिनं विचारलं.

सौद्यात मी पहिला आकडा कधी खरा सांगितलेला नाही. आधी फुगवून सांगायचं, मग उतरायला जागा राहते. जिभेवर तसाच एक आकडा तयार होता. तो मी गिळला. पेरू लिंबाएवढा झाल्यापासून शेवटच्या तोडणीपर्यंत खरे जेवढे दिवस लागतात, तेवढे सांगितले. एक दिवस जास्त नाही.

"लई होत्यात, अब्बा. एवढी रजा कोण देतंय? जरा कमी करा."

"ह्यात कमी होत न्हाय."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी कुठं ढिला पडतो का, हे ती शोधत होती. लहानपणी गाळ्यावर माझ्या मांडीवर बसून तिनं हे तोंड किती वेळा पाहिलं असेल! तिला काही सापडलं नाही. मग तिनं फोन काढला आणि बोटीकडं चालता चालता कानाला लावला.

"सलीम, त्या माणसाला न्हाय म्हणून सांग. व्हय, न्हाय म्हण. का ते मागनं सांगते... अरे, वरडू नको माझ्यावर, अब्बा हितंच हाईत, त्यांच्यावर वरड."

सलीम माझ्यावर ओरडला नाही. शमानं फोन खिशात घातला, माझा हात धरून मला बोटीच्या फळीवर घेतलं आणि म्हणाली, "खोपीत लाईट लागंल मला."

"देतो."

"आन् लॅपटॉप चार्ज करायला पॉइंट. थोडं काम तितनं करता आलं तर रजा मिळंल."

"त्याचं बघू," मी म्हणालो.